आधी क्रियापद कुठंय ते शोध : सीयूईटीच्या इंग्लिशचं माझं वर्ष

माझं बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठी मिडीयमला झालं. बार्शी तालुक्यातलं गाव, सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि मग पुढे एसटीने बार्शीला अपडाउन. दहावीला इंग्लिशमध्ये ८४ मार्क होते त्यामुळे घरात, नातेवाइकांत सगळीकडे माझं इंग्लिश चांगलंय असंच धरून चालायचे आणि मलाही तसंच वाटायचं. पण त्या ८४ मधलं खरं वाचन किती होतं ते मला नंतर कळलं. बोर्डाच्या पेपरला धडे वर्षभर तेच असतात, उत्तरं पाठ, पत्राचा साचा पाठ, आणि जो उतारा न शिकवलेला येतो त्याची उत्तरं लिहायची आमच्या सगळ्या वर्गाची पद्धत एकच होती, प्रश्नातला एखादा शब्द उचलायचा, तो उताऱ्यात कुठल्या ओळीत आहे ते बघायचं आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. उतारा कशाबद्दल आहे हे न कळताही पाचापैकी चार मार्क पडायचे. खरंच पडायचे.

मला दिल्ली विद्यापीठात बीए इंग्लिश ऑनर्स करायचं होतं. हे डोक्यात कसं आलं ते राहू दे, पण त्यासाठी सीयूईटी, म्हणजे बारावीनंतर विद्यापीठांत प्रवेश घ्यायची देशभरातली सामाईक परीक्षा, द्यावी लागते आणि त्यात भाषेचा पेपर इंग्लिशचाच लागतो. भाषेच्या यादीत १३ भाषा आहेत, मराठी पण आहे, त्यामुळे सुरुवातीला मैत्रिणी म्हणायच्या की मराठी घे की, सोपं जाईल, पण इंग्लिश ऑनर्सला ते चालत नाही.

जून २०२४ मध्ये तयारी सुरू केली. तेव्हा पॅटर्न असा होता की ५० प्रश्न येणार, त्यातले कुठलेही ४० सोडवायचे, ४५ मिनिटं, बरोबरला ५ मार्क आणि चुकलं की १ कट. मी घरी घड्याळ लावून पहिला मॉक, म्हणजे सराव पेपर, दिला. १५ बरोबर, २२ चूक, ३ राहिले. म्हणजे ७५ वजा २२, ५३. दोनशेपैकी ५३! तीन उतारे होते, त्यातला पहिला साधारण साडेतीनशे शब्दांचा, आणि तो एकदा वाचायलाच मला ११ मिनिटं लागली, आणि वाचून झाल्यावर सुद्धा मला सांगता आलं नसतं की लेखक त्या गोष्टीच्या बाजूने बोलतोय का विरोधात. त्या दिवशी मी जेवले नाही नीट.

मग क्लास लावला. आप्पांनी साडेचार हजार भरले. क्लासचं नाव घेत नाही, पण तिथे पहिल्या दिवशी शब्दांची एक झेरॉक्सची जाडजूड यादी दिली, डाव्या बाजूला इंग्लिश शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ, रोज ५० पाठ करायचे आणि सकाळी टेस्ट. मी पाठांतराला पक्की आहे त्यामुळे टेस्टमध्ये मला पन्नासपैकी ४७, ४८ पडायचे आणि मॉकमध्ये मार्क हलायचे नाहीत. दोन महिन्यांनी मी ६० वर होते. मला कळतच नव्हतं की चुकतंय कुठं, शब्द तर येतायत ना, मग उतारा का कळत नाही.

ते आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी दाखवलं. गुरुजी हायस्कूलवर इंग्लिश शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांच्याकडे एक उतारा घेऊन गेले आणि म्हणलं, गुरुजी, यातला एकेक शब्द मला येतोय पण वाक्य लागत नाहीये. ते वाक्य अजून मला पाठ आहे, ‘द डिसीजन ऑफ द कमिटी टू क्लोज द स्कूल्स विच हॅड फ्यूअर दॅन ट्वेंटी स्टुडंट्स अँगर्ड द व्हिलेजर्स.’ त्यांनी विचारलं, यात क्रियापद कुठंय? मी म्हणलं क्लोज. ते म्हणले, नाही. मग म्हणलं हॅड. ते पण नाही. काकू ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होत्या, गुरुजींनी त्यातले चार दाणे उचलले आणि माझ्या हातावर ठेवले आणि म्हणले, खरं जे क्रियापद आहे त्याच्यावर दाणा ठेव, विचार करून ठेव. मला पाच मिनिटं लागली असतील. शेवटी ‘अँगर्ड’वर ठेवला. निर्णयाने चिडवलं, बस, एवढंच वाक्य होतं ते, बाकी सगळं निर्णयाला लटकलेलं लटांबर.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. ते म्हणले की हेच मराठीत म्हण बरं. मी म्हणलं, ‘वीसपेक्षा कमी पोरं असलेल्या शाळा बंद करायच्या कमिटीच्या निर्णयाने गावकरी चिडले.’ बघ, म्हणले, मराठीत सगळं लटांबर नामाच्या आधी येतं आणि क्रियापद अगदी शेवटी, त्यामुळे तुझं डोकं जन्मापासून शेवटाची वाट बघायला शिकलंय. इंग्रजीत ते लटांबर नामाच्या मागून येतं आणि क्रियापद मध्ये कुठंतरी दबून बसतं, तू त्याच्यावरून नुसती पळत जातेस आणि शेवटी पोचल्यावर हातात काहीच नसतं. तुझी अक्कल कमी नाही बाळ, तुझ्या वाचायची दिशा मराठीची आहे.

हे ऐकून मला रडूच आलं, कारण वर्षानुवर्षं असंच ऐकलं होतं की मराठीतून विचार करणं सोडा तरच इंग्लिश येईल. क्लासमध्ये तर भिंतीवर लिहिलं होतं. आणि इथे हा माणूस मला मराठीतूनच दाखवत होता की अडतंय कुठं.

तिथून पुढे तीन महिने मी रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसायचे, एक उतारा आणि मूठभर ज्वारी. प्रत्येक वाक्यातल्या मुख्य क्रियापदावर एक दाणा. वही जरा हलली की दाणे घरंगळायचे, परत ठेवायचे. सुरुवातीला एका उताऱ्याला पाऊण तास लागायचा पण दिवाळीपर्यंत नजर आपोआप क्रियापदावर जायला लागली, दाण्यांची गरज कमी झाली. दुसरा नियम असा की वाक्यावाक्याला मनात मराठी करायचं नाही. पण मराठी करायचंच नाही असंही नाही. परिच्छेद पूर्ण वाचायचा, वही पालथी घालायची आणि अख्ख्या परिच्छेदाचं एकच मराठी वाक्य बोलायचं, ते पण घरातल्या भाषेत, पुस्तकी नाही. ‘ह्याचं म्हणणं असंय की धरणं बांधली पण पाणी कुणाला मिळालं ते बघितलं नाही.’ असं. ते वाक्य बोलता आलं नाही तर परिच्छेद कळलेला नाही, परत वाचायचा. लेखकाचा सूर काय, मुख्य मुद्दा काय, यातून कुठला निष्कर्ष निघतो, असले प्रश्न जे मला सगळ्यात अवघड जायचे ते या एका सवयीमुळे सुटायला लागले.

शब्दांचं पण तसंच झालं. एक उतारा होता एका देशावर इतर देशांनी ‘सँक्शन्स’ लावल्याचा. मी बिनधास्त वाचत गेले की त्या देशाला मंजुरी मिळाली, मदत मिळाली, कारण आमच्या घरात सँक्शन हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, आप्पांचं सोसायटीचं कर्ज सँक्शन झालं की घरात पेढे यायचे. आणि इथे सँक्शन्स म्हणजे निर्बंध, कोंडी. त्या एका शब्दामुळे पाचच्या पाच प्रश्न उलटे गेले. म्हणजे २५ मिळायचे ते राहिले आणि वर ५ कट. यादीत सँक्शनसमोर फक्त ‘मंजुरी’ लिहिलेलं होतं. ‘हार्डली’चं पण तसंच, मी हार्डवरून कष्टाने असा अर्थ लावायचे, आणि त्याचा अर्थ जेमतेम, जवळजवळ नाहीच.

गुरुजींना सांगितलं तर त्यांनी मला उलटं विचारलं की एखाद्या परदेशी माणसाला तू ‘खाणे’ या शब्दाचा अर्थ काय सांगशील? आणि मग भाव खाणे, पैसे खाणे, मार खाणे, डोकं खाणे, हवा खाणे, यातलं त्याला काय कळेल? मला एकदम लख्ख पडलं. ‘कडक’ पण तसाच, चहा कडक, ऊन कडक, हेडमास्तर कडक. आपल्याला हे कुणी यादीतून शिकवलेलं नाही, शब्द कुणासोबत बसतो उठतो ते ऐकून आलंय. इंग्लिशमध्ये ‘रन’ घ्या, दुकान रन करतात, नाक रन होतं, पैसे शॉर्ट रन होतात. त्या दिवसापासून मी यादी बंद केली. नवीन वही केली, तिच्यात अर्थाचा रकाना नाही. डाव्या पानावर शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. उजव्या पानावर तो शब्द आणि मला सुचलेलं माझ्या गावातलं एक वाक्य. रोज फक्त पाच शब्द. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने डावं पान बघून रेघेच्या जागी शब्द आठवायचा. ५० वरून ५ वर आले म्हणून आई काळजीत पडली होती की पोरगी आळशी झाली. पण ते पाच टिकायचे.

शब्द कुठून आणायचे तर पेपरमधून. बार्शीच्या वाचनालयात मी कॉलेज सुटल्यावर एसटीची वेळ होईपर्यंत बसायचे आणि आधी मराठी पेपरमधली बातमी वाचायचे, मग तीच बातमी इंग्लिश पेपरमध्ये. हे मी सगळ्यांना सांगते कारण याचा मला प्रचंड फायदा झाला, विषय आधीच माहीत असतो त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पाली, प्राकृत, बंगाली, आसामी यांच्यासोबत. मराठी पेपरात ‘दर्जा बहाल’ आणि इंग्लिश पेपरात ‘कन्फर्ड’. कन्फर म्हणजे बहाल करणे, हे मला आता जन्मात विसरायला होणार नाही. आणि तोच कन्फर म्हणजे विचारविनिमय करणे पण होतो, त्यावरूनच कॉन्फरन्स. १ फेब्रुवारी २०२५ ला बजेट झालं तेव्हा पण असंच, तूट म्हणजे डेफिसिट, सवलत म्हणजे रिबेट, शब्द समोरासमोर उभे राहायचे.

आणि एक गोष्ट फार आवडली ती म्हणजे शब्द फोडणं. ‘इनव्हॅल्यूएबल’ला मी कायम किंमत नसलेला, फालतू असं समजायचे. गुरुजी म्हणले, अमूल्य. अ म्हणजे नाही, मूल्य म्हणजे किंमत, मग अमूल्य म्हणजे फालतू का? ज्याची किंमत करताच येत नाही ते. इन पण तसाच. मग मी आपल्याकडचे अ, दुर्, उप, प्रति, सह, अंतर हे सगळे उपसर्ग एका पानावर लिहिले आणि त्यांच्यासमोर इंग्लिशमधले जोडीदार. दुर् म्हणजे मॅल, उप म्हणजे सब, प्रति म्हणजे काउंटर, सह म्हणजे को, अंतर म्हणजे इंटर. काही शब्द तर सख्खे चुलतभाऊ निघाले, दंत आणि डेंटिस्ट, मातृ आणि मॅटर्नल, पद आणि पेडल, नौका आणि नेव्ही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातल्या असाव्यात हे विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याला मांडलं होतं, ते मी नंतर वाचलं, पण मला ते ओसरीवर बसून आधी कळलं. ‘बेने’ म्हणजे चांगलं हे लक्षात ठेवायला तर काहीच लागलं नाही, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर घरकुलाची बेनिफिशियरी यादी लागतेच की. मग बेनेव्होलंट समोर आला तर घाबरायचं कारण नाही.

वाक्यांचा क्रम लावायचे प्रश्न मला पहिल्यापासून बरे जायचे, त्यात जास्त सांगण्यासारखं नाही. ‘हाउएव्हर’, ‘दिस’, ‘ही’ असल्या शब्दाने सुरू होणारं वाक्य सहसा पहिलं नसतं, कारण ‘ही’ म्हणजे कोण ते आधी सांगायला पाहिजे. विरुद्धार्थीच्या प्रश्नात मात्र मी कितीतरी वेळा घाईत समानार्थी निवडून आलीय, पर्यायात तो मुद्दाम ठेवलेला असतो.

डिसेंबरमध्ये बातमी आली की पॅटर्न बदलणार. ४० निवडायची सोय गेली, ५० च्या ५० कंपल्सरी, वेळ ६० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. आणि २०२४ ला इंग्लिशचा पेपर ओएमआरवर, म्हणजे कागदावर गोळे भरायचा, होता तो २०२५ ला कॉम्प्युटरवरच. मला निवड गेल्याचं एवढं काही वाटलं नाही पण स्क्रीनचं खूप टेन्शन आलं, कारण माझं सगळं वाचन कागदावरचं, दाणे ठेवून, पेन्सिलने खुणा करून केलेलं. ११ फेब्रुवारीला बोर्डाचा पहिलाच पेपर इंग्लिशचा होता, तो झाला, बाकीचे संपले आणि मग सायबर कॅफेत जाऊन मॉक द्यायला लागले. पहिल्या दिवशी स्क्रीनवर उतारा डाव्या बाजूला, तो खाली सरकवायचा, प्रश्न उजवीकडे, सरकवला की आधीची ओळ हरवते, आणि माझे मार्क जे घरी कागदावर १८० च्या आसपास आले होते ते १३२ झाले. परत खाली आले म्हणून दोन दिवस कॅफेकडे फिरकलेच नाही.

उपाय साधाच निघाला. परीक्षेत रफ कामाला कागद देतात. त्याच्यावर मी प्रत्येक परिच्छेदाला एक अशी ती मराठी वाक्यं लिहायला लागले, अगदी तीन-चार शब्दांत. ‘धरण झालं, पाणी नाही.’ ‘सरकार म्हणतं चूक नाही.’ ‘लेखक: चूकच.’ झालं. मग प्रश्नाला परत अख्खा उतारा सरकवायला लागत नाही, कागद बघितला की कुठल्या परिच्छेदात जायचं ते कळतं. उताऱ्याला जे ११ मिनिटं लागायचे ते साडेचारवर आलं. एप्रिलच्या शेवटी मॉकला ३८ बरोबर, ९ चूक, ३ सोडलेले, १८१. आता हे २५० पैकी होते.

सीयूईटी १३ मे पासून सुरू झाली, माझा इंग्लिशचा पेपर नंतर होता, सेंटर सोलापूर. आदल्या दिवशी वैरागमार्गे एसटीने मावशीकडे गेलो, आप्पा सोबत. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन काय सांगायचं, रात्री पण गच्चीवर झोपवत नव्हतं. सकाळची शिफ्ट होती. गेटवर तपासणी झाली, हातातला धागा काढायला लावला, आत एसी होता त्यामुळे एकदम शांत वाटलं. पहिला उतारा जुन्या विहिरी आणि पाणवठ्यांबद्दल निघाला आणि पहिलंच वाक्य चार ओळींचं. माझं बोट नकळत स्क्रीनजवळ गेलं, दाणा ठेवायला गेल्यासारखं. क्रियापद तिसऱ्या ओळीत होतं. सापडलं आणि तिथून पुढे मला आठवतच नाही मी घाबरले होते का. शेवटची सहा मिनिटं राहिली होती, दोन शब्द अजिबात माहीत नव्हते, ना फोडता येत होते ना वाक्यावरून अंदाज लागत होता. ते सोडून दिले.

आन्सर की आली तेव्हा ताळा केला, ४१ बरोबर, ७ चूक, २ सोडलेले. १९८. नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका मापात आणणं, झाल्यावर स्कोअर वेगळा येतो पण मी माझा म्हणून हाच आकडा धरते. ४ जुलैला रिझल्ट लागला. दिल्लीच्या पहिल्या यादीत माझं काही झालं नाही, नंतरच्या राउंडला एका कॉलेजात इंग्लिश ऑनर्स मिळालं. जे वरचं कॉलेज मनात होतं ते नाही मिळालं, आणि त्याचं वाईट वाटतं, ते का लपवू.

त्या साडेचार हजारांचं मात्र अजून मनाला लागतं. पैशापेक्षा त्या दोन महिन्यांचं. माझ्यासोबत त्या क्लासला मराठी मिडीयमची अकरा जणं होती, त्यातल्या बऱ्याच जणांनी आपल्याला इंग्लिश जमणारच नाही असं ठरवून फॉर्मच भरला नाही. त्यांच्या हातात पण तीच यादी होती आणि भिंतीवर तेच वाक्य, मराठीतून विचार करणं बंद करा. त्यातल्या एखादीला जरी कुणी वाक्यातलं क्रियापद दाखवलं असतं तर.

इथे हॉस्टेलला आल्यावर पहिल्या सेमिस्टरला एकेका वाक्याला अर्धं पान घेणारे जुने लेखक वाचायला लागले, आणि माझ्या रूममध्ये एका डबीत गावाकडची ज्वारी आहे. परवा रूममेटने विचारलं की हे काय करतेस, ती बिहारची, हिंदी मिडीयमची. तिला एक दाणा दिला आणि ती जिथे अडली होती त्या वाक्यापुढे वही सरकवली. हिंदीत पण क्रियापद शेवटीच असतं. तिला फार वेळ लागला नाही.